पेन्सिल उचलली की ठिणगी मागे

सोमवार, ३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी मनगटाचं प्लास्टर काढलं आणि सांगितलं, रोज अर्धं पान लिहा, बोटं मोकळी होतील. काय लिहू म्हटलं, तर म्हणे काहीही. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे काहीही लिहायला मला कुणाची भीती नाही. वही गॅरेजातली आहे. पुढच्या आठ पानांवर नातीच्या अक्षरात गाडीचे आकडे, बाकी कोरी. ते आकडे ज्या इंजिनाचे होते ते काल मेलं. मी वही उलटी करून मागून सुरुवात केली.

इंजिन मेलं ते असं. नात तेरा एप्रिलला डोंगर-चढाईच्या शर्यतीत उतरणार आहे. वळणावळणाच्या रस्त्यावर एकेक गाडी वर सोडायची आणि घड्याळ लावायचं, एवढीच ती शर्यत. गाडी तिची, इंजिन तिच्या बापाने बांधलेलं. बाप म्हणजे माझा मुलगा. त्याला सगळे मास्तर म्हणतात. गाडी रोलरवर बांधायची, जागच्या जागी पळवायची आणि कानाने ऐकून इंजिन लावायचं, ही त्याची ख्याती. काल अशीच पळवता पळवता आतून फाडकन आवाज आला आणि मागून निळा धूर. आम्ही वर स्वयंपाकघरात. मी सुनेला म्हटलं, काहीतरी मोडलं. ती म्हणाली, "काहीतरी नाही, इंजिन."

मास्तरांनी बोनेट उघडायच्या आधीच निकाल दिला: पेट्रोल भेसळीचं. फडकं हातात तसंच, आणि रस्ता ओलांडून पंपवाल्याकडे. तो याचा शाळेपासूनचा मित्र. चार गिऱ्हाइकांसमोर याने सुनावलं, "तुझ्या पेट्रोलने माझं इंजिन खाल्लं."

पंपवाला म्हणाला, "हळू बोल."

हा म्हणाला, "काय?"

"हळू बोल म्हटलं."

यावर हा आणखी मोठ्याने बोलला. मी खिडकीतून सगळं ऐकलं. पुढच्या चौकानेही ऐकलं असेल.

बुधवार, ५ मार्च

इंजिन उघडलं. एका पिस्टनची कड मोडली आहे, नखाएवढा तुकडा. नातीने ठिणगी पाडणारा प्लग दाखवला. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके. ती म्हणाली, "आजी, ही मिरपूड म्हणजे पिस्टनच. वितळून उडालेला."

मी इतकी वर्षं गॅरेजच्या डोक्यावर राहते, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. आज विचारलं. या गाडीला टर्बो आहे. इंजिनाचा बाहेर जाणारा धूर एक पंखा फिरवतो, त्या पंख्याच्या जोरावर दुसरा पंखा फिरतो आणि इंजिनाच्या घशात हवा कोंबतो. म्हणजे स्वतःच्याच धुरावर फुगायचं. असे दोन-तीन नातेवाईक माझ्या ओळखीचे आहेत.

तर अशा कोंबलेल्या हवेत ठिणगी पडली की पेट्रोल एका बाजूने शिस्तीत जळत जायला हवं. दाब आणि उष्णता फार झाली, किंवा ठिणगी फार लवकर टाकली, की कोपऱ्यातलं पेट्रोल पाळीची वाट न बघता एकदम भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. त्याला हे लोक खडखड म्हणतात. हलकं पेट्रोल लगेच भडकतं, भारी पेट्रोल दाब सोसतं. थोडक्यात, चांगलं पेट्रोल म्हणजे सहनशील पेट्रोल. या घरात ते टिकायचं नाही.

नात बापाला म्हणाली, "बाबा, खडखड पकडणारा सेन्सर लाल झाला होता. ठिणगी पुढे गेली होती, फार लवकर पडत होती."

मास्तर म्हणाला, "तुझा सेन्सर रोज सकाळी लाल होतो. घडीव पिस्टन थंड असले की खुळखुळतात, त्यालाच तो खडखड समजतो. मी ऐकत होतो. स्वच्छ होतं."

तो ऐकतो ते असं. तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं केलेलं, ते बोल्टने इंजिनाला आवळलेलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि ती कानावर बसणाऱ्या दोन वाट्यांत. गेली कित्येक वर्षं त्या नळीने जे सांगितलं ते खरं.

शनिवार, ८ मार्च

पंपवाला प्रयोगशाळेचा कागद घेऊन आला. पेट्रोल चोख. मास्तरने कागद वाचला, घडी केली, परत दिला. म्हणाला, "कागदाला कान नसतात."

पंपवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, तुम्ही तरी सांगा."

मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं? चहा घेशील?" नको म्हणाला. पहिल्यांदाच नको म्हणाला.

मंगळवार, ११ मार्च

मुलगा फार शेफारला आहे. हाक मारली तर ओ देत नाही. आज गॅरेजच्या दारात उभी राहून तीनदा म्हटलं, जेवायला चल. पाठ करून बसलेला, ढिम्म. शेवटी खांद्यावर चापट मारली तर दचकला. वर येऊन टीव्ही इतका मोठा लावला की बातम्या सांगणाऱ्या बाईची मला कीव आली. मी सुनेला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला माझं बोलणं जड झालंय. ती म्हणाली, "त्यांच्याशी समोर जाऊन बोलत जा ना, आई." माझ्या वयाच्या बाईला बोलायचं कसं हे शिकवते.  दोघांनी मिळून मला बाजूला सारायचं ठरवलेलं दिसतं.

शुक्रवार, १४ मार्च

नवे पिस्टन आले. असा एकच संच मिळाला, शर्यतीआधी दुसरा मिळणार नाही. हे मोडलं की शर्यत संपली, आणि डोंगरावर वळणात मोडलं तर पोरीचंही काही खरं नाही.

इंधनावरून दोन तास भांडण. पंपवाल्याचं अठ्ठ्याण्णव नंबरचं भारी पेट्रोल घ्यायचं नाही, हे मास्तरांचं ठरलेलं. नातीला अल्कोहोल मिसळलेलं हवंय. ते पिपातून मिळतं, शहराबाहेरच्या एका माणसाकडे. ती म्हणते, ते आतून इंजिन थंड करतं, दाब जास्त सोसतं, टर्बोचा दाब १.४ पर्यंत नेता येईल. अठ्ठ्याण्णववर १.१ च्या वर जायला नको. तोटा एवढाच की गाडी तिसऱ्या हिश्शाने जास्त पिते, म्हणून आत पेट्रोल शिंपडणारे नोझल मोठे लावावे लागतील.

मी म्हटलं, "म्हणजे दारू पाजली की अंगात जोर येतो, आणि पिते मात्र ढसाढसा."

नात म्हणाली, "हो आजी, अगदी तसंच."

"तुझ्या आजोबांना तोही जोर येत नव्हता."

पीप आलं. उघडलं तर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासारखा वास.

बुधवार, १९ मार्च

इंजिन बांधून झालं. मास्तर वर आला, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "आई, तुझा हात बरा झालाय. खाली येऊन आकडे लिहीत जा. मी सांगेन ते लिहायचं."

मी ओळखलं, सुनेला स्वयंपाकघर मोकळं हवंय. बरं म्हटलं. खाली पंख्याचा वारा तरी असतो.

त्याने माझ्यासाठी कानाच्या वाट्यांची दुसरी जोडी केली आहे. एका नळीला फाटा काढून दोन जोड्या, एक त्याला, एक मला. म्हणाला, रोलरचा आवाज फार असतो, कान झाकलेले बरे. आणि म्हणाला, "मी स्क्रीनकडे बघत असतो. तुला डब्यात खडे हलवल्यासारखं काही ऐकू आलं तर नुसती पेन्सिल उचल."

लहानपणापासून त्याला एका वेळी एकच गोष्ट जमते. जेवताना गोष्ट ऐकली की घास तोंडातच राहायचा.

वहीच्या पुढून आता परत गाडीचे आकडे, मागून माझं. नातीने मागची पानं बघितली नाहीत. बघितली तर तिचंच वाईट.

शनिवार, २२ मार्च

आज गाडी पळवली. पुढे मोठा पंखा, चाकं रोलरवर, चारी बाजूंनी पट्टे. नात आत बसून ॲक्सिलरेटर दाबते. मास्तर बाहेर टेबलाशी, त्याच्या शेजारी स्टुलावर मी. वाट्यांतून इंजिन वेगळंच ऐकू येतं. रस्त्यावर जातं तसं नाही, पोटाला कान लावल्यासारखं. आधी नुसती गुरगुर, मग टर्बोची शीळ, मग दोन्ही एकात एक.

दाब १.२ झाला तेव्हा खडे वाजले. दोन-तीनच, आणि बारीक. मी पेन्सिल उचलली. मास्तर स्क्रीनकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. ठिणगी एक अंश मागे घेतली. परत पळवली, खडे गेले. मी पेन्सिल खाली ठेवली.

नात खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "बाबा, आजीला काय कळतं यातलं? सेन्सर हिरवा आहे."

सेन्सर हिरवा असायचाच. पिस्टनच्या खुळखुळीवर ओरडू नये म्हणून मास्तरनेच त्याचा काटा तिला खाली करायला लावलाय.

मास्तर म्हणाला, "तिला काही कळत नाही म्हणूनच ती हवी. कळणारा माणूस त्याला हवं तेच ऐकतो."

एकाच वाक्यात माझा अपमानही झाला आणि कामही मिळालं.

गुरुवार, २७ मार्च

दाढ काढायला गेले. मी नसताना यांची दोन-तीन पानं होतील म्हणून वही टेबलावर ठेवून गेले. परत आले तर वही कोरीच. नात पाय आपटत होती. "बाबांनी गाडी चालूच केली नाही. दिवसभर पट्टे तपासतायत. पट्टे!"

मास्तर म्हणाला, "आकडे कोण लिहिणार?"

"मी लिहिते की."

"तुझं अक्षर वाईट आहे."

तिचं अक्षर छापल्यासारखं आहे. माझं कोंबडीने पाय दिल्यासारखं. दाढेच्या कळेतही मला हे जरा विचित्र वाटलं.

सोमवार, ३१ मार्च

आज लिहायला बरंच आहे.

सकाळी गॅरेजच्या मागच्या दाराची घंटा वाजत होती. बारीक, किर्रर्र आवाजाची. मास्तर दारापासून चार पावलांवर, पाठ करून. तो उठला नाही. मी मागे जाऊन उभी राहिले आणि लहानपणी त्याला ज्या नावाने चिडवायची ते नाव घेतलं. या नावावर तो पन्नाशीतही मागे वळून मारायला धावतो. वळला नाही. मी पाना जमिनीवर टाकला. वळला. म्हणाला, "काय पडलं?"

मी स्टुलावर जाऊन बसले, वाट्या कानाला लावल्या.

गाडी पळायला लागली. इंजिन सुरेख चाललं होतं, एक खडा नाही. मी पेन्सिल उचलली.

त्याने ठिणगी दोन अंश मागे घेतली.

परत पळवली. आवाज स्वच्छ. मी पेन्सिल उचलली. आणखी दोन अंश.

तिसऱ्यांदा उचलली. आणखी दोन. आतून नात ओरडली, "बाबा, काय करताय? मेलीय गाडी! म्हशीसारखी चालतेय!" खाली धुराची नळी लाल व्हायला लागली होती, ठिणगी फार उशिरा पडली की तसं होतं म्हणे. मास्तर माझ्या पेन्सिलीकडे बघत होता, मी आणखी काय सांगते म्हणून. त्याच्याही कानाला तीच नळी होती. तेच स्वच्छ इंजिन त्याच्याही कानात होतं.

नात चिडून वर गेली तेव्हा मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मी तीनदा खोटी पेन्सिल उचलली."

त्याने ठिणगीचे आकडे सहा अंश पुढे, होते तिथे आणले. ते झाल्यावर म्हणाला, "वर्ष होऊन गेलं. जाड आवाज येतात. बारीक गेले. घंटा, घड्याळ, चिमण्या. मग खडखड."

"डॉक्टरकडे गेलास?"

"कशाला? तो काय सांगणार, ते मला माहीत आहे."

"आणि पहिलं इंजिन?"

"माझ्याच हातून गेलं. ठिणगी पुढे पुढे नेत राहिलो. खडखड आली की थांबायचं, म्हणून वाट बघत होतो. आलीच नाही."

"आणि त्या पंपवाल्याला चार लोकांत चोर ठरवलंस."

तो फडक्याने हात पुसत राहिला. हे त्याला ऐकू आलं होतं.

मग म्हणाला, "आई, शर्यत होईपर्यंत तिला सांगू नकोस. कानाने इंजिन लावणाऱ्याला कान नाहीत, हे कळलं तर ती गाडीत बसायची नाही."

मी विचार केला. पोरीला इंजिन नीट लागलेलं मिळाल्याशी मतलब, आणि माझे कान आहेत की. माझे डोळे अधू झाले, दाढा चालल्या, मनगट मोडलं, पण कान देवाने विसरून ठेवलेत. बरं म्हटलं.

बुधवार, २ एप्रिल

बोटं दुखतात. दाब १.४. खडे नाहीत. नात खूश आहे.

शनिवार, ५ एप्रिल

पहिलं पीप संपलं म्हणून दुसरं आणलं. त्याच माणसाचं, त्याच रंगाचं. शर्यतीला हेच न्यायचं. गाडी रोलरवर घेतली, आकडे होते तेच. दाब १.४ ला पोचला आणि माझ्या कानात कुणी मूठभर खडे टाकले. दोन-तीन नाहीत. मूठभर. मी पेन्सिल उचलली, आणि उचलून धरूनच ठेवली. मास्तरने गाडी बंद करायची खूण केली.

"काय झालं?" नात बाहेर आली.

मास्तर म्हणाला, "आकडे तेच, इंजिन तेच. पीप बदललं. यात अल्कोहोल कमी आहे. हे ओतून टाकायचं."

नात हसली, पण हसू काही चांगलं नव्हतं. "परत इंधन! बाबा, दर वेळी इंधनच कसं वाईट असतं? गेल्या वेळी पंपवाल्या काकांचं वाईट होतं. त्यांचा कागद चोख निघाला."

"या वेळी खरंच..."

"आणि आजीच्या पेन्सिलीवर मी काय विश्वास ठेवू? सोमवारी तिने तीनदा उचलली, तीनदा सेन्सर हिरवा होता. तुम्ही ठिणगी सहा अंश मागे नेलीत, गाडीचं पार वाटोळं झालं, आणि मग गुपचूप परत पुढे आणलीत. मला दिसत नाही का? सगळं स्क्रीनवर लिहिलेलं असतं." तिने माझ्या वाट्या काढून स्वतःच्या कानाला लावल्या. "गाडी पळवा. मीच ऐकते."

मास्तर आत बसला, पाय जेमतेम दाबला. खडे बाहेर उभ्या असलेल्या मला नळीशिवायही ऐकू आल्यासारखे वाटले, पण तो भास असेल. नातीने वाट्या काढल्या. "सगळंच खडखडतंय. आधीही असंच खडखडायचं. मला काही वेगळं ऐकू येत नाही."

ते खरंच आहे. नुसता कान असून भागत नाही, काय ऐकायचं ते ठाऊक असावं लागतं. मला पक्की खात्री व्हायला तीन दिवस लागले होते, आणि मी रिकामटेकडी.

ती म्हणाली, "हेच पीप न्यायचं. एक पूर्णांक चारच ठेवायचं. ठरलं."

मी मास्तरकडे बघितलं. तो स्टिअरिंगकडे बघत होता. मी मनात म्हटलं, हा बोलेल. तो बोलला नाही. तिने पिपाचं झाकण घट्ट करायला घेतलं.

तेव्हा मी म्हटलं, "सोमवारी मी मुद्दाम खोटी पेन्सिल उचलली होती."

"का?"

"बघायला."

"काय बघायला?"

याचं उत्तर द्यायचं मी कबूल केलेलं नव्हतं. न द्यायचं कबूल केलं होतं. 

मास्तर गाडीतून उतरला. म्हणाला, "मला ऐकू येतं का ते बघायला. येत नाही. तुझं पहिलं इंजिन मी मोडलं. पेट्रोल चांगलं होतं."

पंखा चालूच होता. नातीने जाऊन तो बंद केला. मग परत येऊन बापासमोर उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आणि मी त्या डोंगरावर जाणार होते. आजीच्या पेन्सिलीवर."

"पेन्सिल खरी होती," मास्तर म्हणाला. "सोमवार सोडला तर."

"मला सांगितलं असतंत तर मी सेन्सरचा काटा वर ठेवला असता! तो लाल होत होता ते खरं होतं, आणि तुम्ही मला तो खाली करायला लावलात!"

"हो."

तो एवढंच म्हणाला. बाकीचं ती बोलली. मी लिहीत नाही, मोठं होतं, आणि बरंचसं बरोबर होतं. मलाही त्यात वाटा मिळाला. मी म्हटलं, माझं चुकलं. हे वाक्य मी या घरात आल्यापासून तिसऱ्यांदा म्हटलं असेन. आधीची दोन्ही खोटी होती.

शेवटी तिने सेन्सरचा काटा वर केला, स्वतः आत बसून गाडी पळवली, अर्धीच. लाल. इंजिन गरम होतं, म्हणजे पिस्टनची खुळखुळ नव्हे. उतरली, पिपाला लाथ मारली, आणि पाय धरून बसली.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी मास्तरने रिकामे कॅन काढले. दोन त्याने घेतले, एक माझ्या चांगल्या हातात दिला. म्हटलं, मी कशाला? म्हणाला, "तो हळू बोलतो. मला कळायचं नाही."

पंपवाल्याने आम्हाला रस्ता ओलांडताना पाहिलं आणि पंपाच्या काचा पुसायला लागला. काचा स्वच्छ होत्या.

मास्तर म्हणाला, "माझे कान गेलेत. तुझ्या पेट्रोलचा दोष नव्हता."

पंपवाला त्याच्या कानाशी तोंड नेऊन गरजला, "काय म्हणालास?"

"ओरडू नकोस. बारीक आवाज येत नाहीत फक्त. तुझ्या शिव्या येतात."

"मग त्या दिवशी चार लोकांत बोललास, तसं आज चार लोकांत बोल."

तिथे दोन मोटारी आणि एक टेम्पो उभा होता. टेम्पोवाला जेवणाचा डबा उघडून बसलेला. मास्तर त्यांच्यापुढे जाऊन म्हणाला, "याचं पेट्रोल चोख आहे. मी खोटं बोललो होतो." टेम्पोवाला म्हणाला, "बरं," आणि जेवत राहिला. बाकीच्यांनी मान हलवली. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

पंपवाल्याने तिन्ही कॅन अठ्ठ्याण्णवने भरले. माझा कॅन मात्र त्याने स्वतः उचलला आणि गॅरेजपर्यंत आणला. तिथे पिपातलं इंधन बरोबर आणलेल्या एका खुणांच्या उभ्या काचेच्या नळीत घेतलं, त्यात पाणी घालून हलवलं आणि ठेवून दिलं. अल्कोहोल पाण्यात उतरलं, पेट्रोल वर राहिलं. दूधवाल्याला पकडायलाही असं काहीतरी असायला हवं होतं. पिपात सांगितल्याच्या निम्मंसुद्धा अल्कोहोल नव्हतं.

"मास्तर बरोबर होता की," पंपवाला म्हणाला.

नात म्हणाली, "या वेळी."

चहा घेतला त्याने. दोन कप.

गुरुवार, १० एप्रिल

चार दिवस सगळे आकडे पहिल्यापासून. नोझल जुने लावले, दाब १.१. आता ठिणगी नात मागेपुढे करते. मास्तर गाडीत बसतो, पाय दाबतो. मी स्टुलावर, माझ्याशेजारी ती, दुसऱ्या वाट्या तिच्या कानाला. खडे आले की मी पेन्सिल उचलते आणि ती डोळे मिटून ऐकते. काल संध्याकाळी पहिल्यांदा मी पेन्सिल उचलायच्या आधी तिने माझा गुडघा दाबला. मी वहीत नोंद केली, पुढून, गाडीच्या आकड्यांत.

ती म्हणाली, "या दाबावर पहिल्या पाचात येणार नाही, आजी."

"मग सहावी ये."

रविवार, १३ एप्रिल

शर्यत. एकतीस गाड्या. आम्ही खाली तंबूत, तिथून फक्त पहिलं वळण दिसतं. सुनेने खुर्ची आणली होती, पंपवाल्याने कॅन. मास्तरला वरचं काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून तो गाडीकडे न बघता माझ्याकडे बघत उभा. मी पेन्सिल आणली नव्हती. गाडी सुटली, वळली, दिसेनाशी झाली. टर्बोची शीळ डोंगरात लांब लांब जात राहिली. मी ऐकत राहिले. एका जागी ती तुटली तेव्हा माझा हात उचलला गेला. मास्तरचा चेहरा बघवला नाही. मग कळलं की तिथे बोगदा आहे. शीळ पुढे परत आली.

चौदावी आली. इंजिन वर पोचलं आणि स्वतःच्या पायांनी खाली आलं. नातीने सगळ्यांसमोर एक प्लग काढला, फडक्याने धरून बापाला दाखवला. पांढराशुभ्र. एक ठिपका नाही. मास्तर तो बराच वेळ हातात फिरवत होता. गरम असणार.

मंगळवार, १५ एप्रिल

पुढून लिहिलेले आकडे आणि मागून लिहिलेलं हे, दोन्हीत आता एकच कोरं पान उरलं आहे. बोटं मोकळी झाली. डॉक्टरीणबाईंना दाखवून आले.

मास्तरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. यंत्र बसवायचं आहे. पण ते यंत्र घालून त्या वाट्या कानाला लावता येत नाहीत, म्हणजे इंजिनाचा प्रश्न आहे तिथेच आहे. गॅरेजच्या पाटीवर आता दोन नावं येणार, नातीचं वर. तेही तिनेच ठरवलं.

दुपारी भाजी निवडताना सुनेला विचारलं, "तुला हे कधीपासून ठाऊक होतं?"

ती म्हणाली, "वर्षभर तरी. तुम्हाला सांगितलं होतं की मी. समोर जाऊन बोलत जा म्हणून."

मी मागची पानं चाळली. सांगितलं होतं. अकरा मार्च.

नात पेन्सिल मागते. म्हणते, आता मला येतं, आजी, तू वर आराम कर. आज सकाळी एका गिऱ्हाइकाची गाडी रोलरवर होती. खडे पाचदा वाजले. तिने तीनदाच धरले.

पेन्सिल अजून माझ्याकडे आहे.